लाल पाय

आमच्या ह्यांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तीस वर्षं हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये कृत्रिम पाय बनवतायत. मी शेजारच्या टेबलावर त्या पायांचे पट्टे शिवते, म्हणजे घरी आणि कामावर, दोन्हीकडे तो राग माझ्याच वाट्याला.

त्यांना पुरून उरली ती एकच पोरगी. वय नऊ, डावा पाय गुडघ्याखाली नाही, आणि जीभ अशी की ह्यांनीच तिचं नाव मिरची ठेवलं. ह्यांनी जीव ओतून केलेला पाय तिने सहा महिने पलंगाखाली ढकलून ठेवला होता. मग तो ॲनिमेशनचा पिक्चर आला. हीरो जुनाच, ह्यांच्या लहानपणापासूनचा, उडणारा, भिंती फोडणारा. पण आता त्याला एक पाय नाही, लाल रंगाचा कृत्रिम पाय लावून उडतो. मिरची दुसऱ्याच दिवशी कुबड्या आपटत हजर, मागे बाप तो पाय घेऊन. ‘‘मला पण लाल करून द्या!’’

‘‘आमच्या हीरोची पार वाट लावली मेल्यांनी,’’ असं म्हणत हे खास चुका काढायला थिएटरात गेले. दहाव्या मिनिटाला ओरडले, ‘‘अरे, पट्टा उलटा लावलाय!’’ पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नंतर हा माणूस खुर्चीच्या टोकाला सरकला. हीरो छपरावरून झेपावला तेव्हा ह्यांनी माझा हात इतका दाबला की बोटं दुखायला लागली. शेवटी उभं राहून टाळ्या. ‘‘काय उडाला गं!’’ घरी येईपर्यंत तेवढंच. सकाळी स्वतःच्या हाताने मिरचीच्या पायाला लाल रंग दिला.

ती तो घालून शाळेत गेली, मैदानात पळाली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

महिन्याने तपासणीला आली. ह्यांनी पाय उतरवला. आतली कातडी सोलून निघालेली, फोड फुटलेले. पाय पलंगाखाली होता त्या सहा महिन्यांत पोर वाढली, पाय घट्ट झाला, आणि हिने ब्र काढला नाही. बाप कपाळाला हात लावून म्हणाला, ‘‘साहेब, झोपतानाही काढत नाही. म्हणते, हीरो कुठे काढतो?’’

झालं! ‘‘त्या गाढवांना एवढं उडवता आलं, पण घरी येऊन पाय काढतो, जखम बघतो, असा एक सीन टाकता आला नाही? आणि मी बैल, टाळ्या पिटत बसलो!’’ हातातला पाना भिंतीवर. मीही चिडले होते. पिक्चरवाल्यांवर, बापावर आणि सगळ्यात जास्त आम्हा दोघांवर. लाल पायाच्या कौतुकात आम्ही तिला ‘टोचतंय का गं?’ एवढंसुद्धा फोन करून विचारलं नव्हतं.

‘‘तीन आठवडे पाय बंद!’’ हे गरजले.

‘‘नाही देणार!’’ तिने पाय पोटाशी धरला. ‘‘तुम्हाला पण आवडला होता ना पिक्चर?’’

‘‘आवडला! म्हणून तर डोकं फिरलंय!’’

‘‘मग तीन आठवडे मी कोण?’’

‘‘कोण म्हणजे? तूच! मिरची! त्या हीरोला रंगवलाय, त्याला कातडी नाही. तुला आहे. ती सडली तर आणखी वर कापावं लागतं, कळतंय का तुला?’’ आवाज असा की सगळं वर्कशॉप थांबलं.

तिने पोटाशी धरलेला पाय खाली ठेवला.

‘‘दुखतंय,’’ ती म्हणाली. ‘‘खूप दुखतंय. पहिल्या आठवड्यापासून.’’

हे मटकन तिच्यासमोर जमिनीवर बसले. ‘‘हां,’’ म्हणाले, ‘‘आता सांग. कुठे कुठे?’’