हाउएव्हरबाई

शाळेत त्यांना सगळे हाउएव्हरबाई म्हणत. इंग्रजीच्या बाई, पण नोकरी तात्पुरती. दर वर्षी नव्याने नेमणूक, सुट्टी लागली की हातात नारळ. किती वर्षं हे चाललं होतं? अहो, केस काळेभोर होते तेव्हापासून! घरी नणंद आली की हमखास विचारायची, "वहिनी, अजून तात्पुरत्याच का हो?" जखमेवर मीठ चोळायला घरचीच माणसं लागतात.

विरोध दाखवणारे शब्द शिकवावेत तर बाईंनीच. "बट म्हणजे तोंडावर दार आपटणं," त्या सांगायच्या. "ऑल्दो आधी कबुली देतो, मग आपलंच खरं करतो. डिस्पाइट म्हणजे पाय मुरगळला तरी चालत राहणं. आणि हाउएव्हर? तो फार सभ्य. आधी चहा पाजतो, मग दार लावतो." पोरं खो खो हसायची. बाई हसायच्या नाहीत. हा शब्द त्या ऑफिसात शिकल्या होत्या. कायम करा म्हणून दर वर्षी अर्ज, आणि दर वर्षी इंग्रजीत तेच उत्तर: आपलं काम उत्कृष्ट आहे. हाउएव्हर...

यंदा मात्र आशा होती. कायमची जागा निघाली होती आणि मुख्याध्यापक होता त्यांचाच विद्यार्थी. इंग्रजीत गटांगळ्या खाणारं हे ध्यान बाईंनी घरी बसवून, फुकट शिकवून पास केलेलं! चारचौघांत त्या त्याला सर म्हणत, दार बंद झालं की अरे-तुरे.

दहावीच्या वर्गात नेमका हाच धडा चालू असताना त्याचं बोलावणं आलं. बाई हातातल्या खडूसकट गेल्या.

"बसा ना, बाई. युअर वर्क इज एक्सलंट. हाउएव्हर..."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांब! तो शब्द मी शिकवलाय तुला. माझ्यावरच चालवतोस? सरळ मराठीत सांग, जागा कोणाला दिलीस?"

तो पेपरवेट फिरवत बसला. "म्हणजे, वरूनच ठरलं, बाई..."

"कोणाला?"

"माझ्या मेहुणीला."

वा रे पठ्ठ्या! जनाची नाही, निदान मनाची तरी? पण नाही, एवढ्यावर थांबेल तर शपथ. मान खाली घालून म्हणाला, "तरीही बाई, दहावीचे तास तुम्हीच घ्याल ना? ती अजून नवीन आहे. निकाल तुमच्यामुळेच लागतो."

"तरीही?" बाईंचा आवाज बाहेर शिपायापर्यंत गेला. "आजवर त्या तरीहीवरच येत राहिले मी. मुलांसाठी. आणि तुम्ही सगळे ते गृहीत धरून बसलात!"

त्यांनी खडू त्याच्या टेबलावर ठेवला.

"धडा अर्धा राहिलाय. मेहुणीला सांग पुरा करायला. तिला हाउएव्हर नाही जमला, तर तू जा. तुला तो पाठ आहे."