शोभेची किटली

सिंदी मेघे गावात पुंडलिकरावांच्या घरी रविवारचा चहा घरची बाई करत नसे, पुंडलिकराव स्वतः करत. वर्ध्याच्या कचेरीतला चांगला चाळिशी उलटलेला कारकून, धोतराचा सोगा खोचून चुलीपुढे बसतो म्हणून शेजारच्या बाया पदराआड हसत. अनुसयाबाईंनाही आधी लाज वाटे. मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर त्या रविवारची वाट पाहू लागल्या. नवऱ्याच्या हातचा आयता चहा कोणाला कडू लागतो?

हा सगळा थाट त्या किटलीपायी होता. साहेबाच्या बंगल्यावर कागद सहीला नेताना पुंडलिकरावांनी चिनी मातीची किटली पाहिली आणि ती त्यांच्या मनात भरली. तसली विकत घ्यायची ऐपत नव्हती, पण हौस दांडगी. त्यांनी थेट अल्लीपूर गाठलं आणि डोमाजी कुंभाराला चित्र काढून दाखवलं. डोमाजीनं जन्मभर माठ नि रांजण घडवलेले. पहिल्या किटलीची तोटी इतकी खाली बसली की चहा ओतायच्या आधीच बाहेर येऊ लागला. दुसरी मात्र साधली. लालभडक, पोटावर कोरलेली वेल, झाकणावर मोर. तो मोर कोंबड्यासारखा दिसे, पण हे पुंडलिकरावांपुढे बोलायची सोय नव्हती. माती पाझरू नये म्हणून त्यांनी तिच्यात भाताची पेज ओतून मुरवली. तरी सुरुवातीला चहाला नव्या माठाचा वास यायचा. "वा, काय सुवास!" म्हणत ते पीत, आणि अनुसयाबाई नाक न मुरडता पीत. संसार म्हणतात तो हाच.

पुंडलिकरावांची थोरली बहीण यशोदाबाई हिंगणघाटला राहायच्या. विधवा, करारी, सोवळ्याओवळ्याला पक्की. दिवाळीला त्या आल्या की भाऊ त्यांनाही किटलीतूनच चहा द्यायचा. "मातीच्या भांड्यात कायले रे बाप्पा," असं म्हणत त्या पुन्हा कप पुढे करायच्या.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि पुंडलिकराव गेले. पोर ना बाळ. अनुसयाबाई एकट्या पडल्या.

दहाव्याला घर शुद्ध करायचं होतं. सुतक फिटताना वापरातली मातीची भांडी घरात ठेवायची नाहीत, ही रीत. पितळ चिंचेनं शुद्ध होतं, तांबं राखेनं. माती जे पिते ते सोडत नाही, म्हणून ती टाकायची. यशोदाबाईंनी पदर खोचला. माठ गेला, रांजण गेला, दह्याचं गाडगं गेलं. मग त्यांचा हात फळीवरच्या किटलीकडे वळला आणि अनुसयाबाई पुढे झाल्या. घरात नवऱ्याच्या हौसेचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

"हे वापरातली हाय का शोभेची?" यशोदाबाईंनी विचारलं.

"शोभेची हाय ताई. तिच्यात कधी चहा केलाच नाई."

कधी खोटं न बोललेली बाई खोटं बोलली, आणि बोलली कोणापुढे, तर ज्यांनी मागच्या दिवाळीत त्याच किटलीतला चहा मागून मागून घेतला त्यांच्यापुढे! तोंडातून शब्द गेल्यावर अनुसयाबाईंच्या हे ध्यानात आलं. यशोदाबाईंनी झाकण उचलून आत पाहिलं. चहाचा काळपट थर चांगला दिसत होता. त्यांनी झाकण परत ठेवलं.

"शोभेची असन तं राहू दे," त्या म्हणाल्या नि चूल सारवायला वळल्या.

किटली वाचली खरी, पण शोभेची म्हणूनच. यशोदाबाई भावजयीच्या सोबतीला तिथंच राहिल्या. चहा आता जर्मनच्या गंजात, त्या उभट पातेल्यात, उकळायचा आणि तसाच कपात गाळायचा. अनुसयाबाई रोज किटली पुसायच्या. एकदा तिच्यात चहा ओतावा, पुंडलिकराव द्यायचे तसा झाकून मुरू द्यावा, एवढंच त्यांना हवं होतं. पण ताईंनी एकदा धर्म बाजूला सारून आपली लाज राखली, त्यांना पुन्हा पेचात कसं घालायचं? दोघी एका चुलीवर जेवत होत्या आणि किटलीचं नाव कोणीच काढत नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी अनुसयाबाई विहिरीवरून धुणं घेऊन आल्या, तर फळी रिकामी. वर्ष सरलं, ताईंनी टाकली शेवटी, असंच त्यांना वाटलं. ओलं धुणं उंबऱ्यावर टाकून त्या स्वयंपाकघरात धावल्या.

यशोदाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. समोर किटली, तिच्यावर फडकं झाकलेलं, आणि दोन कपबशा.

"बस," त्या म्हणाल्या. "त्याच्यासारखा नाई जमला मले. साखर जास्तच झाली."

"ताई, पण ते तर शोभेची..."

"तुले काय वाटते, तुयासाठी ठेवली मी?" यशोदाबाईंनी फडकं काढलं. "माय मेली तवा माया कडेवर होता तो. मीच मोठा केला. त्याचे कपडे वाटले, अंथरूण बाहेर टाकलं, सारं याच हातानं केलं. हे बी फोडली असती, तं मले काय राह्यलं असतं? तू खोटं बोलली नसती ना अनुसया, तं मले बोला लागलं असतं."

त्यांनी किटली उचलली, पण धार चुकली आणि चहा बशीत सांडला. अनुसयाबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि आधी ताईंचा कप भरला.