रिकाम्या घराचा विमा

आई गेल्यापासून बंद असलेल्या घराचा विमा काढायचा होता, म्हणून कंपनीचा माणूस पाहणीला आला.

"इथे कोण राहतं?" त्याने विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हणाले.

तो भिंतींना पडलेल्या भेगा बघत फिरला. मी मात्र खिडकीतून आलेल्या उन्हाकडे बघत राहिले. ते हळूहळू सरकत आईच्या खुर्चीपर्यंत गेलं आणि तिथेच टेकलं. रोजच येत असेल का ते असं, विचारपूस केल्यासारखं? माणसं गेली तरी घराकडे येणारे येतच राहतात बहुतेक.

निघताना कुलूप लावलं आणि सवयीने दाराला म्हटलं, "येते गं."

तो पायरीवरच थांबला. "मॅडम, नक्की कुणी राहत नाही ना?"

या वेळी मला 'नाही' म्हणवेना.