नाक गेल्यावरचा गंबो

गंबोसाठी रू परतायला घेतला की सुनेत्राताई स्वयंपाकघरात कुणालाही बोलू देत नसत. "आता मला हाक मारायची नाही. भांडायचं असेल तर नंतर भांडा. रडायचं असेल तर बाल्कनीत जा," असं बजावून त्या शेगडीपुढे पाय रोवून उभ्या राहत. जाड बुडाच्या पातेल्यात तेल आणि मैदा, हातात लाकडी उलथनं. मैदा आधी पिवळसर व्हायचा, मग शेंगदाण्याच्या टरफलासारखा, मग विटेसारखा, आणि शेवटी गडद चॉकलेटच्या रंगाला आला की ताई पातेलं उतरवून त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची लोटून द्यायच्या. "आपलं बेसन लाडवापाशी उतरतं, हा त्याच्या पुढच्या स्टेशनापर्यंत जातो. आणखी एक स्टेशन पुढे गेला की कचरा," असं त्या प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगत.

मी जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा सुनेत्राताई आमच्या विभागात सीनियर होत्या. मूळच्या रेवदंड्याच्या. एम. एस. करायला अमेरिकेत लुईझियानाला गेल्या आणि तिथल्या घरमालकिणीकडून गंबो शिकल्या, म्हणजे भातावर घ्यायचं तिकडचं कोलंबी-चिंबोरीचं दाट कालवण. पुढे नोकरीनं त्यांना जर्मनीत आणलं आणि त्या इथेच राहिल्या. लग्न? "राहून गेलं. नंतर आठवणच झाली नाही," एवढंच म्हणायच्या, आणि तेही हसत.

त्यांचं काम होतं वास घेणं. गाडीतल्या सीटचं कापड, गालिचा, डॅशबोर्डचा तुकडा काचेच्या बरणीत घालून तापवायचा, झाकण किंचित उघडून हुंगायचं आणि मार्क द्यायचे. अशी चारपाच माणसं एकत्र बसत आणि त्यांच्या प्रमुख ताई. नवीन गाडीत बसल्यावर गिऱ्हाइकाचं डोकं दुखू नये, याची जबाबदारी त्यांच्या नाकावर होती. "आईला वाटतं मी इंजिनियर आहे. मला पगार मिळतो तो हुंगण्याचा," असं त्या अभिमानानं सांगत. एकदा हायलब्रॉनच्या मासळीवाल्याकडे मी त्यांच्याबरोबर गेले होते. त्यानं चिंबोऱ्या पुढे केल्या. ताईंनी लांबूनच मान हलवली. तो म्हणाला, आज सकाळीच आल्यात. ताई स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाल्या, "आल्यात आज, मेल्यात परवा." रांगेतल्या बायका हसल्या, तो लाल झाला, आणि आतून दुसरी पेटी घेऊन आला. त्यानंतर ताई दारात दिसल्या की तो आतलीच पेटी काढायचा.

गंबो वर्षातून एकदा व्हायचा, थंडी ओसरल्यावरच्या एखाद्या शनिवारी. हायडेलबर्गला शिकायला आलेली नवी मराठी मुलं-मुली, गेर्लिंगेनकडची दोनतीन कुटुंबं, आम्ही कारखान्यातले. कोलंबीची डोकी आणि टरफलं उकळून रस काढायचा, त्यात रेवदंड्याहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेले मूठभर सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी. तुर्की दुकानातली कोवळी भेंडी आधी वेगळी परतून तिची तार मोडायची. सोडे उकळायला लागले की जिनाभर वास पसरायचा, म्हणून खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना पहिली वाटी ताई स्वतः नेऊन द्यायच्या. बाईंनी कधी तक्रार केली नाही. उलट एका वर्षी उशीर झाला, तर त्या स्वतःच वर येऊन दार वाजवून गेल्या.

मग एका जानेवारीत ताईंना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल, किंवा येणारही नाही. ताई कामावर रुजू झाल्या त्याच दिवशी साहेबांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "मला आता मार्क द्यायला बसवू नका. मला काही कळत नाही." साहेब म्हणाले, थोडे दिवस थांबून बघू. ताईंनी थांबायला नकार दिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खुर्चीवर दुसरी बाई बसायला लागली आणि ताईंकडे रिपोर्ट तपासायचं काम आलं. आमच्याशी बोलताना आवाज तोच, थट्टा तीच. फक्त कॉफीचा कप त्या तोंडाला लावण्याआधी नाकाखाली धरून ठेवायच्या, बराच वेळ. कुणी बघतंय असं वाटलं की पटकन घोट घ्यायच्या.

मार्च आला तेव्हा मी म्हणाले, "ताई, यंदा गंबो राहू दे."

"का?"

"अहो, वास..."

"माझे हात शाबूत आहेत, डोळे आहेत. नाक तुझं घेऊ. आल्झो, ठरलं तर मग, शनिवारी लवकर ये."

शनिवारी सगळे जमले. नव्या मुलांना ताईंच्या नाकाचं काहीच माहीत नव्हतं. ताईंनी नेहमीसारखं बजावलं आणि रू परतायला घेतला. मी शेजारी उभी. पिवळा झाला, टरफलाचा रंग आला, विटेचा आला. मग मला वास आला. खमंगपणाच्या आत लपलेला, कडवट.

"ताई, उतरवा."

"अजून रंग यायचाय," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"रंग नका बघू. जळलंय."

"मुग्धा, हा रंग मी झोपेतसुद्धा ओळखीन." उलथनं थांबलं नव्हतं. "अजून विटेवरच आहे."

"तळाशी लागलंय ताई. मला वास येतोय."

ताईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. कामावर एखादी बरणी उघडण्याआधी त्या जशा बघत, तसं.

"खात्री आहे?"

"आहे."

त्यांनी शेगडी बंद केली. पातेलं उचललं आणि बाल्कनीच्या फरशीवर नेऊन ठेवलं. तिथे त्या माझ्याकडे पाठ करून कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मी मागे गेले नाही. थोड्या वेळानं उलथन्यानं पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला. आत आल्या तेव्हा उलथन्याच्या टोकावर काळे कण होते. ते त्यांनी मला दाखवले, सिंकमध्ये धुऊन टाकले आणि खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐका रे सगळे. जानेवारीपासून मला वास येत नाही. आताचा रू जळला, मला कळलं नाही, हिला कळलं. जेवायला उशीर होणार. ज्यांना घाई आहे त्यांनी ब्रेड खा. बाकीच्यांनी आत या, अजून कांदा चिरायचाय."

कुणीही ब्रेडला हात लावला नाही. स्वयंपाकघरात उभं राहायला जागा उरली नाही आणि त्या दिवशी पहिल्यांदा रू परतताना सगळे बोलत होते. ताईंनी कुणाला गप्प केलं नाही. दुसऱ्या पातेल्यात तेल-मैदा घेतला आणि परतायला लागल्या. मी "थांबा" म्हणाले, त्या क्षणी त्यांचा हात थांबला. रंगाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

भातावर गंबो वाढून घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या. "मला मीठ कळतं, तिखट कळतं. बाकी तुमची तोंडं बघून जेवतेय," म्हणाल्या. मग समोरच्या मुलाला म्हणाल्या, "तू बरा खातोयस. म्हणजे कोलंबी गोड आहे." त्यानं मान डोलावली आणि आणखी भात मागितला. ताईंनी त्याला चिंबोरीची नांगी कशी फोडायची ते दाखवलं, आणि स्वतःचं ताट अगदी स्वच्छ केलं.

पानगळ संपता संपता ताईंनी नोकरी सोडली. रेवदंड्याला आई एकट्या होत्या, हे एक कारण. दुसरं त्यांनी मला श्टुटगार्टच्या विमानतळावर सांगितलं. "इथे मला आता फक्त मीटिंगा उरल्यात गं. मला कंटाळा आला, एवढंच. हरून नाही चाललेय, तसं कुणी म्हणालं तर त्याला माझा नंबर दे." मग माझा गाल थोपटला आणि मागे न बघता आत गेल्या.

त्यांचे फोन येत राहिले. त्यांनी अंगणात भेंडी लावली होती, गल्लीतल्या बायकांना गंबो खायला घातला होता, आणि बायकांना तो गुळचट वाटला होता. वासाबद्दल मी विचारत नसे, त्याही सांगत नसत.

एका सकाळी मी कामावर जायला ट्रेनमध्ये बसले होते आणि फोन वाजला.

"मुग्धा, ऐक," ताईंना धाप लागली होती. "आईनं अंगणात बोंबील वाळत घातलेत. मी बाजूनं चालले होते, आणि एकदम... घाण! अगं, काय घाण वास आला!"

मी जोरात नाक ओढलं. समोरच्या बाकावरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला.

"रडतेयस काय," ताई म्हणाल्या. मागून त्यांच्या आईंचं बोलणं ऐकू येत होतं.

"आई काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतेय, वास येतोय तर लांब बस की. बोंबलांत तोंड घालून काय बसलीयस!"