भाऊंचे दोन पेले

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत दहा वर्षांखालचं असं एकही पोर नसेल, ज्याच्यापुढे आमच्या भाऊंनी दोन पेले मांडले नसतील. भाऊ म्हणजे माझ्या बायकोचे थोरले बंधू. आनंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासून हेंद्रेपाड्यात निवांत बसायचे, तर रद्दीत त्यांना एका परदेशी मानसशास्त्रज्ञाचं पुस्तक सापडलं. त्या गृहस्थाने म्हणे स्वतःच्या पोरांवर नजर ठेवून मुलांची समज कोणकोणत्या पायऱ्यांनी वाढते ते शोधलं. भाऊंना मूलबाळ नाही, म्हणून त्यांनी आमची धरली. बारशाला गेले की बाळाचा खुळखुळा दुपट्याखाली लपवतात. बाळाने शोधला तर टाळी, नाही शोधला तरी टाळी.

भाऊबीजेला त्यांनी माझ्या सईला धरलं. दोन सारख्या पेल्यांत सारखं सरबत. मग एकातलं तिच्यादेखत उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं. "जास्त कशात?" सईने उंच पेल्याकडे बोट केलं आणि सगळं घर हसलं. मला ते झोंबलं. हिला अजून वर्षभर बालवर्गातच ठेवायचं का, असं शाळेच्या बाई विचारत होत्या; तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता.

"भाऊ, हुशार आहे म्हणा की!"

"दाजी, इथे घासाघीस चालत नाही. पायरी आली की चढेल."

कॅम्प पाचच्या बाजारात शून्यातून कपड्याचं दुकान उभं केलेला माणूस मी. मला 'चालत नाही' म्हणतात! आठ दिवस चॉकलेटं देऊन सईकडून 'सारखंच' घोकून घेतलं आणि रविवारी तिला हेंद्रेपाड्याला नेलं. भाऊंनी या वेळी बटणांच्या दोन ओळी मांडल्या, सारख्याच; मग एक ओळ जरा पसरवली.

सईने माझ्याकडे पाहिलं. "पप्पा, आता काय म्हणायचं?"

बायकोने तोंडाला पदर लावला. भाऊ मात्र हसले नाहीत. मांडी घालून तिच्याशेजारी बसले. "तुला काय वाटतं ते सांग, बाळा."

"लांबवाली जास्त. ती दारापर्यंत जाते ना."

भाऊंनी ते वहीत उतरवून घेतलं. मग मला हळूच म्हणाले, "दाजी, तीस वर्षं मी माल रिजेक्ट केला. ही माल नाही हो."

शाळेचं अजून ठरायचंय. पण हल्ली सई काहीही सांगण्याआधी माझा चेहरा वाचते. भूक लागलीय का विचारलं तरी. हीही पायरी असते का, हे भाऊंना विचारायचा धीर होत नाही. मी सईला प्रश्न विचारतो, खिडकीकडे तोंड करतो आणि वाट पाहतो.