गळ्यापर्यंत भरलेली बाटली

त्या सकाळी आमच्या पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेला माणूस अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अंगात कोट, पायात चकचकीत बूट आणि दोन्ही हात पोटावर दाबलेले. हजेरी नुकतीच संपली होती. मी त्याला आत बोलावले, खुर्ची दिली, चहा मागवला. चहाचा कप त्याने माझ्याकडे सरकवला.

"आधी तुम्ही घोट घ्या."

"अहो, हे पोलीस ठाणं आहे!"

"असू द्या. मी आता कोणाच्याच हातचं काही खात-पीत नाही. साहेब, माझी सून मला विष देऊन राहिली."

मी चाट पडलो. जबलपूरच्या एका शस्त्रास्त्र कारखान्यातला हा वरिष्ठ फोरमन. नाव सांगत नाही, फोरमनसाहेब म्हणतो. मराठी माणूस, नेपियर टाउनमध्ये बिऱ्हाड, बायको वारलेली. एकुलता एक मुलगा फौजेत, पूर्वेच्या सरहद्दीवर. घरात सासरा आणि सून, दोघेच.

ते लढाईचे दिवस होते. कारखान्यांचे भोंगे रात्रंदिवस वाजत, घरांच्या काचांवर काळे कागद चिकटवलेले, आणि लोकांच्या डोक्यात हेर शिरलेले. रोज कोणी ना कोणी येऊन शेजाऱ्याच्या नावाने खबर देऊन जाई. एकाने तर स्वतःच्या मेव्हण्यालाच हेर ठरवले होते! असल्या खबरी मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडत असे. पण या माणसाचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि सही करताना त्याच्या बोटांतून पेन दोनदा गळून पडले. मी त्याला थेट सरकारी इस्पितळात नेले.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरडी दाखवली. दातांच्या कडेने निळसर काळी रेघ होती. "शिसं," ते म्हणाले. "बऱ्याच महिन्यांपासून थोडं थोडं पोटात जात असणार." लघवीचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अहवालही तोच आला. म्हणजे म्हातारा बरळत नव्हता. खरोखरच कोणीतरी त्याला मारत होते.

घराची झडती घेतली. पंच म्हणून शेजारच्या काकू आणि कोपऱ्यावरचा किराणावाला. पीठ, मीठ, तेल, मसाले, औषधाच्या पुड्या, सगळ्यांचे नमुने सीलबंद केले. फोरमनसाहेबांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होते. त्याची किल्ली ते जानव्याला बांधून ठेवत. ती सोडून त्यांनी स्वतःच कपाट उघडले. आत शिकारीची बंदूक, काडतुसांचे सामान आणि गडद हिरव्या काचेची विलायती दारूची बाटली, अगदी गळ्यापर्यंत भरलेली.

"याला घरात दुसरं कोणी हात लावत नाही," ते म्हणाले. न फोडलेली बाटली, तीही कुलपात. आम्ही कपाट बंद केले.

सुनेच्या खोलीत सिंदुराची डबी मिळाली. ही मुलगी जवळच्या कुंडम गावाकडची, एका हिंदी मास्तरांची लेक. मुलाने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलेले. आपल्या बायका कुंकू लावतात, ही भांगात सिंदूर भरायची, आणि सासऱ्याला ते पहिल्या दिवसापासून खुपत होते. डबीतल्या सिंदुराचा अहवाल आला आणि ठाण्यात सगळेच एकमेकांकडे बघू लागले. सिंदुरात शिसे होते, आणि तेही भरपूर.

झाले! शेजारच्या काकूंना तर कंठच फुटला. "मी म्हणतच होती न साहेब. परजातीची पोर, घर आपल्या नावावर करून घ्याचं असंल. काहून नाही देणार विष?" वरिष्ठांनी फाईल पाहिली आणि अटकेचा हुकूम दिला. कलम ३०७, खुनाचा प्रयत्न.

चौकशीला काकूंनाच सोबत बसवले, कारण ठाण्यात बाई शिपाई नव्हती. मुलगी रडली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून सरळ माझ्याकडे बघत बोलली.

"साहब, छह महीने से बाबूजी के सामने हर थाली का पहला कौर मैं खाती हूँ। वही कहते हैं, पहले तू चख। मैं चखती हूँ, फिर वो खाते हैं। ज़हर होता तो मैं भी तो गिरती न?"

मी काकूंकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली. "हो, ते खरं आहे," पुटपुटल्या. "दालानात पाटावर बसवून खायला लावत होते तिला. आम्ही रोज पाहत होतो."

नवरा सरहद्दीवर, आणि ही रोज सगळ्या आळीसमोर कुत्र्या-मांजरासारखे अन्न चाखून दाखवते. विचारले, नवऱ्याला कळवले का? "वो वहाँ गोली के सामने बैठे हैं साहब. उनको क्या लिखती?"

पण घासाची गोष्ट कोर्टात टिकणारी नव्हती. चाखलेल्या ताटात नंतर काही टाकता येतेच की, असे सरकारी वकील म्हणाले. शिवाय इस्पितळात फोरमनसाहेबांची तब्येत झपाट्याने सुधारत होती. घराबाहेर पडला की माणूस बरा होतो, म्हणजे विष घरातच, हे शेंबडे पोरही सांगेल. मुलीची रवानगी तुरुंगात झाली. व्हॅनमध्ये चढताना तिने एकच विचारले, "उनको तार मत भेजिएगा, भेजेंगे क्या?"

फोरमनसाहेब घरी आले. डबा आता काकूंकडून जाऊ लागला. आणि काही आठवड्यांतच त्यांच्या पोटात पुन्हा मुरडा सुरू झाला! मनगटेही लुळी पडली. हवालदाराने ही बातमी आणली तेव्हा मी जेवत होतो. घास हातातच राहिला. अरे, जी बाई तुरुंगाच्या भिंतीआड बसली आहे, ती नेपियर टाउनमधल्या ताटात विष कसे घालील?

तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. ते पलंगावर बसले होते, दोन्ही पंजे ओल्या फडक्यासारखे खाली लोंबत होते. मला पाहताच म्हणाले, "आता काकू पण तिला मिळाली, साहेब. डबा तसाच ठेवला आहे, पाहा. दोन दिवस झाले, अन्न म्हणून शिवलो नाही."

"मग पोटात काय घालता?"

"बिस्किटं. पाणी स्वतः नळाचं भरतो. आणि संध्याकाळचा माझा एक घोट. ह्या घरात माझा भरवसा आता तेवढ्यावरच आहे. या, तुम्हीच ओता आज, मला बाटली पेलून नाही राहिली."

त्यांनी मान वाकवली. मी जानव्याची किल्ली सोडवून घेतली. कपाट उघडीपर्यंत ते मला शिकवतच होते. म्हातारा एकदम तरतरीत झाला. त्यांच्या कारखान्यातल्या एका इंग्रज इंजिनिअराने मायदेशी परत जाताना सिंगल माल्ट व्हिस्कीची अख्खी पेटी त्यांना दिली होती.

"ही ढोसायची चीज नाही, साहेब. आधी नुसता वास घ्यायचा, तोंड थोडं उघडं ठेवून. मग पाण्याचे चार थेंब. मग जिभेवर घोळवायची. आणि उघडलेली बाटली अर्धी राहू द्यायची नाही. आत हवा शिरली की वास गेलाच समजा. मी बाटली कायम गळ्यापर्यंत भरलेली ठेवतो. लोकांची उघडल्यावर बिघडते, माझी दिवसेंदिवस गोड होत जाते!"

"रोज पिता आणि तरी गळ्यापर्यंत भरलेली? ती कशी?"

बोलता बोलता मी बाटली उचलली आणि माझे मनगट खाली गेले. बाटली भलतीच जड होती. वाकडी केली तर आत काहीतरी सरसर घसरले. काकूंच्या डब्याचे झाकण काढून बाटली त्यात उपडी केली. थोडीशी दारू आली, आणि मागोमाग काळपट दाणे टपटप पडत राहिले. झाकण भरले, जमिनीवर सांडले, तरी संपेनात.

बंदुकीचे छर्रे! शुद्ध शिशाचे छर्रे!

"हे काय आहे?" मी विचारले.

"छर्रे आहेत," ते सहज म्हणाले. "इंग्रज साहेब म्हणाला होता, बाटली उतरली की काचेच्या गोट्या टाकायच्या, पातळी वर येते, हवेला जागा राहत नाही. गोट्या तोंडातून आत जाईनात. घरात छर्रे होतेच, कुंडमच्या जंगलात तितर मारायला जातो न मी. साबणानं धुऊन घातले. एक बाटली संपली की तेच दुसरीत. जन्मभर शिसं हाताळलं साहेब, तितराच्या मांसात राहिलेले छर्रे कितीदा गिळले. काय होते त्यानं?"

मी बाटली खाली ठेवली. या माणसाला जसजसे जास्त दुखत गेले, तसतसा त्याचा सगळ्यांवरचा विश्वास उडत गेला. अन्न सोडले, चहा सोडला, आणि धरून काय ठेवले, तर ही बाटली. तीही घोटागणिक, चवीने, जिभेवर घोळवत! नंतर डॉक्टर म्हणाले, शिसे आंबटात आणि दारूत उतरते आणि त्याची चव गोड लागते. ते ऐकून मी त्यांच्यासमोर कपाळावर हात मारून घेतला.

फोरमनसाहेबांना मी तिथेच सांगितले. आधी ते हसले. मग झाकणातल्या छर्ऱ्यांकडे बघत राहिले. मग लुळ्या हातांनी डोके झाकायचा प्रयत्न केला, तोही जमला नाही. "ती कुठं आहे आता?" त्यांनी विचारले. जसे त्यांना माहीतच नव्हते!

छर्रे आणि दारूचा अहवाल आला, कोर्टात खारिजीचा, म्हणजे गुन्हा घडलाच नसल्याचा अहवाल दाखल झाला, मुलगी सुटली. त्यानंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी एक गोष्ट बजावली. फिर्यादी ज्या वस्तूकडे बोट दाखवतो ती जप्त कराच, पण ज्या वस्तूवर तो छातीवर हात ठेवून भरवसा ठेवतो, ती आधी जप्त करा. माणूस शत्रू बाहेर शोधतो आणि कुलूप भलत्याच गोष्टीला लावतो. पोरे हसत. मी बाटलीची गोष्ट सांगितली की वहीत टिपून घेत.

लढाई संपली, आणि मी जप्त केलेली सिंदुराची डबी परत द्यायला त्या घरी गेलो. वास्तविक शिपायाबरोबरही पाठवता आली असती, पण मला राहवले नाही. मुलगा सुटीवर आलेला होता, बाजारात गेला होता. फोरमनसाहेब दालानात खुर्चीवर बसले होते. पोट बरे झाले होते, पण मनगटे पुन्हा कधी उठली नाहीत. सून खिचडीची थाळी घेऊन आली. मला "बैठिए साहब" म्हणाली, डबी घेतली, पदराला बांधली आणि सासऱ्यासमोर पाटावर बसली.

चमचा भरून तिने आधी स्वतःच्या तोंडात घातला. चावला, गिळला आणि थोडा वेळ थांबली. मग दुसरा चमचा भरून त्यांच्या तोंडापुढे धरला.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. ते पुसायलाही त्याचे हात उठत नव्हते. "पोरी, आता नको न गं असं करू," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडतो."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. तिने पदराने त्याचे डोळे पुसले.

"आदत पड़ गई है, बाबूजी. मुँह खोलिए."