नानायच्या नावावर

हाँगकाँगला घरकामाला आलेल्या बाईला दोनच स्वप्नं पडतात, असं रेमीची मैत्रीण ओफेलिया म्हणायची. एक, आंघोळीला पोटभर गरम पाणी. आणि दुसरं, गावाकडे सिमेंटचं घर. रेमीचं मात्र तिसरंच. तिला शेअर घ्यायचे होते.

त्याचं असं झालं, एका रविवारी मनिलाहून टाय लावलेला एक माणूस चर्चच्या हॉलमध्ये आला. दर महिन्याला थोडे थोडे पैसे चांगल्या कंपन्यांत टाका, म्हातारपणी बसून खाल, असं त्याने घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या, फुकटचं पान्सित, म्हणजे शेवया, हाणलं आणि बसायचे पुठ्ठे काखेत मारून चौकात पत्ते कुटायला गेल्या. रेमी तेवढी मागे थांबली. तिला सगळं लख्ख दिसलं. गावी जायचं, सकाळी आपल्या वेळेला उठायचं आणि पुन्हा जन्मात दुसऱ्याच्या म्हातारीचं हागणं-मुतणं काढायचं नाही. एवढ्यासाठीच हवं होतं तिला शेअरचं खातं. श्रीमंत कोणाला व्हायचंय!

पण परदेशात बसून ते खातं उघडणं आणि त्यात पैसे भरणं म्हणजे डोक्याला ताप. मायदेशी तिच्या नावाचं बँकखातं लागत होतं, आणि तिचं जुनं खातं वापराविना कधीच बंद पडलेलं. नवीन उघडायचं तर स्वतः हजर व्हा. वकिलातीचा शिक्का आणला, तर त्याच्यावर आणखी एक शिक्का हवा. एकदा तिने इथूनच थेट शेअर दलालाकडे पैसे पाठवून पाहिले. पैसे कोणाचे, कुठले, असं विचारत ते परत आले, तेही पाठवणावळ कापून घेऊन. आठवड्याचा एक रविवार सुट्टीचा, तोही रांगांत जायला लागला. शेवटी ओफेलियाच वैतागली.

"अगं बये, डोकं कशाला फोडून घेतेस? आईच्या नावावर उघड की! तू पाठवायचे, तिने तिकडे बँकेत भरायचे. मोबाइलवर बटणं दाबायला तू आहेसच."

"आईच्या नावावर?"

"मग काय नवऱ्याच्या? नवऱ्याच्या नावावर केलं त्या बघ, बसल्यात रडत. आई काय पळून जाणारे?"

आमच्यात हे असंच चालतं. राबणारी बाहेर, आणि शेत, जीप, घर, डुकरं, सगळं मागे राहिलेल्याच्या नावावर. सह्या करायला माणूस जागेवर लागतो ना! त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. रेमीलाही वाटलं नाही. तिला नवराच नव्हता, आणि आईवर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

नानाय म्हणजे तिची आई, पासिता. इलोइलोच्या किनाऱ्यावर मासे सुकवून विकणारी. नवरा रुफिनो दुसऱ्या बेटावरच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे निघून गेला, तेव्हा रेमी शाळेत होती आणि धाकटा जोनार रांगत होता. पासिताने त्याच्यामागे ना माणूस पाठवला ना शिव्या. वाळत घातलेल्या मासळीवरच्या माशा हाकलल्या आणि दोन्ही पोरं वाढवली.

शेअरचं खातं निघालं आणि नानायला मिरवायला एक कारण मिळालं. पैसे आले की ती चर्चचा झगा घालायची, ओठांना लाली लावायची आणि जीपने शहरात जाऊन बँकेत रक्कम भरायची. मग फोन. "टाकले गं. आज काय घेतेस?" रेमीने विजेच्या कंपनीचे शेअर घेतले, तेव्हापासून तर बाजारात नानायच्या तोंडाला लागायची सोय राहिली नाही. गावात वीज गेली की म्हातारी लाइनमनला गाठायची. "काय रे भाड्या, मालकिणीचाच दिवा घालवतोस होय?" लाइनमनही कमरेत वाकून म्हणायचा, "चुकलं मालकीणबाई, पगार कापू नका!" बाजारभर हशा. फोनवर हे ऐकून रेमी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तोंडात पदराऐवजी ओटा पुसायचं फडकं कोंबून हसायची.

पण पैसे काही हसून जमले नाहीत. पोटाला चिमटा काढून जमले. कितीतरी नाताळ ती घरी गेली नाही, विमानाचं भाडं खात्यात गेलं. बूट फाटले तर जिच्या घरी काम, त्या मॅडमच्या मुलीचे जुने, अंगठे दुखवणारे. बाकीच्या बायका भावाच्या बारशाला, पुतण्याच्या बँडला पैसे पाठवून कंगाल व्हायच्या, आणि रेमीला चिकटमारवाडी म्हणायच्या. म्हणजे आमच्याकडचा शब्द वेगळा, अर्थ तोच. बाजार पडला तरी ती विकायची नाही, चढला तरी विकायची नाही. आणि एक दिवस हिशेब जुळला. आता बसून खाता येणार होतं.

तिने मॅडमला सांगून टाकलं. या करारानंतर नाही मी. मॅडमने दोन दिवस तोंड पाडलं आणि तिसऱ्या दिवशी एजंटकडून एक तरणीताठी इंडोनेशियन मुलगी ठरवूनही टाकली. रविवारी चौकात ओफेलियाने पुठ्ठ्यावर अडोबोचा रस्सा, भात आणि केक मांडला. "आमची बाईसाहेब निघाली!" म्हणत बायका नाचल्या. रेमी लाजली नाही, रडली नाही, दोनदा भात घेऊन जेवली. इतकी खूश तिला कोणी कधी बघितली नव्हती.

आणि पुढच्याच आठवड्यात नानाय गेली. मासे उलटवत होती, तिथेच बसली ती उठली नाही.

रेमी आठ दिवसांची रजा घेऊन घरी पोचली. दारात मांडव, मांडवात पत्त्यांचे डाव, कॉफी, पाव, मधोमध पेटी. मयताच्या रात्री आमच्याकडे असंच जागतात. आणि पहिल्या रांगेत, विधुराच्या जागेवर, पांढरा सदरा घालून एक म्हातारा बसलेला. रुफिनो! लोक येत होते आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणत होते, "काय करणार, देवाची इच्छा." तोही डोळे पुसत होता. काय म्हणावं या माणसाला! पण रीत ती रीत. रेमी गेली, वाकली आणि त्याचा हात आपल्या कपाळाला लावला. मग त्याला कॉफीही नेऊन दिली.

तोवर जोनार एक काम करून बसला होता. पेटीचे पैसे द्यायचे म्हणून मृत्यूचा दाखला घेऊन तो भाबडा थेट नानायच्या बँकेत गेला. बँकेने दाखला बघितला आणि खातं गोठवलं. शेअर विकले तरी पैसे त्याच खात्यात येणार! मग रेमीने दलालाच्या ऑफिसात फोन केला.

"फार वाईट झालं, मॅडम," तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली. "वारसा-कर भरा आणि सगळ्या वारसांच्या सह्या आणा. नवरा आणि मुलं."

"नवरा कसला! पोरांना टाकून गेलाय तो. आणि पैसे माझे आहेत. माझ्या घामाचे."

"भरले कोणी, मॅडम?"

"भरले आईने. पाठवले मी!"

"आमच्याकडे तर पासिताबाईच भरत होत्या." मुलीने कागद चाळले. "लग्न कोर्टात रद्द झालं होतं का?"

"आपल्या देशात मोडतं का कुठे लग्न?"

"ते खरंय, मॅडम," मुलगी म्हणाली, आणि तिचाही आवाज उतरला.

खरंच मोडत नाही. घटस्फोटाचा कायदाच नाही आमच्याकडे. रद्द करून घ्यायचं तर वकील, डॉक्टर, वर्षानुवर्षं खेटे. मासे विकणाऱ्या बाईला कुठे परवडतं? म्हणून आमच्याकडे नवरे जातात, लग्न राहतं. गावच्या वकिलाने रेमीला बोटांवर मोजून समजावलं. लग्न टिकून असताना जमलेल्यातलं निम्मं नवऱ्याचं. उरलेल्या निम्म्याचे तीन वाटे, नवरा आणि दोन पोरं. म्हणजे सहा वाट्यांतले चार रुफिनोचे. जोनारचा एक. रेमीचा एक. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा! नवऱ्यांची भीती म्हणून आईच्या नावावर ठेवलं, आणि ते आईच्याच नवऱ्याने नेलं.

हाँगकाँगला परतल्यावर तिने मॅडमला विचारलं, मी राहिले तर चालेल का? मॅडमला खरोखरच वाईट वाटलं. पण नवी मुलगी ठरली होती, व्हिसा आला होता. एजंटकडे गेली तर एजंटने आधी तिचं वय बघितलं आणि मग दुसऱ्या बाईला पुढे बोलावलं. करार संपायला आला होता. संपल्यावर दोन आठवड्यांत देश सोडायचा.

एकच वाट उरली होती. रुफिनोने आपला वाटा सोडून द्यायचा. जोनार म्हणाला, "ताई, विचारून तर बघ, बापच आहे." ओफेलिया म्हणाली, "पाया पड, रड, काहीही कर." म्हणून रविवारी भर दुपारी, चौकातल्या गोंगाटातून बाजूला जाऊन, जिन्यापाशी उभं राहून रेमीने त्याला फोन लावला. बाप घर सोडून गेल्यापासूनचा हा पहिलाच फोन.

"ताताय, मी रेमी."

"पोरी!" म्हातारा म्हणाला. "बोल गं. जेवलीस का?"

तिने सगळं सांगितलं. पैसे कोणाचे, कसे पाठवले, का नानायच्या नावावर ठेवले. आता माझं इथलं काम सुटतंय, त्या पैशांशिवाय माझ्याकडे काही नाही. तुम्ही हक्क सोडल्याची सही दिलीत, तर मी जगेन. असं ती म्हणाली, ह्याच शब्दांत, आणि बोलताना रडलीही.

पलीकडून हुंदके.  म्हातारा खरंच रडत होता, नाटक नव्हतं.

"वकील आला होता. सगळं बोललाय तो," रुफिनो म्हणाला. "तू पाठवायचीस ते ठीक, लेकीने आईला पाठवायलाच हवं. पण पासिताने ते खाल्लं नाही बघ. झगा घालून जायची म्हणे बँकेत, दर महिन्याला. कोणासाठी गं? मी इतका वाईट वागलो आणि त्या बाईने माझ्या म्हातारपणासाठी साठवून ठेवलं. माझं मूत्रपिंड गेलंय, तिला कळलं असेल कोणाकडून तरी. देवमाणूस होती. ते मी सोडलं, तर तिच्या आत्म्याला काय वाटेल?"

"ताताय, ते तुमच्यासाठी नव्हतं."

"तुला नाही कळायचं, पोरी. तुझं लग्न झालं नाही." त्याने नाक शिंकरलं. "एक सांगू? तूही आईसारखं कर. दर महिन्याला थोडं थोडं टाकत जा. म्हातारपणाला उपयोगी पडतं."

 रेमी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुठ्ठ्यावर सगळ्या पत्ते खाली ठेवून तिच्याकडेच बघत होत्या.

"काय म्हणाला?" ओफेलियाने विचारलं.

"सही करतो म्हणाला," रेमी म्हणाली.